आठ वाजताची ओळ

वडनेर भोलजीचे खुर्शीदचाचा भित्रे आहेत. गावात ही तक्रार म्हणून सांगतात. नांदुऱ्यातल्या बाळांच्या एका खाजगी दवाखान्याने त्यांना यंत्रं सांभाळायला याच गुणावर ठेवून घेतलं. तीस वर्षांत त्यांनी आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर दुरुस्त केले, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गिऱ्हाइकाकडे पुन्हा जाऊन वस्तू खरंच चालू आहे का ते पाहिलं. कुलूप ते तीनदा ओढतात. नूरजहांचाची सांगतात, निकाहात 'कबूल'सुद्धा त्यांनी चारदा म्हटलं; काझींना तीन पुरले होते.

दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सात काचेच्या पेट्या आहेत. पेट्यांची खोली बंद काचेच्या दाराआड, आतली बारीक पीं-पीं बाहेर येत नाही. म्हणून सातही बाळांचे श्वास आणि ठोके एका सर्व्हरमार्फत कोकिळा सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर येतात. एखादं बाळ श्वास घ्यायचं विसरलं की टेबलावर मोठी घंटी वाजते. अशी बाळं विसरतात. सर्व्हर कुठल्याशा शहरी कंपनीने वापरून टाकलेला आहे. डॉक्टर त्याला 'अनुभवी' म्हणतात.

एप्रिलच्या उन्हात हा अनुभवी सर्व्हर दोनदा जागच्या जागी थिजला. चाचांनी कारण शोधलं. रॅमची, म्हणजे मेमरीची, एक पट्टी बिघडत होती, आणि तिचा बिघडलेला कप्पा नेमका कर्नलच्या, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणाऱ्या गाभ्याच्या, वाट्याला आला होता. त्यांनी पट्टी बदलली, आणि बाकीच्या पट्ट्यांचा भरवसा नाही म्हणून कर्नलसाठी वेगळी मेमरी राखून ठेवली, जिथे प्रत्येक गोष्ट दोन पट्ट्यांवर लिहिली जाते. एक दगा देईल तेव्हा दुसरी असावी.

"मंग सगळ्यायलेच डबल काऊन नाही देत?" कोकिळा सिस्टरने विचारलं होतं.

"सगळ्यायले डबल दिलं तं मेमरी अर्धी होते, सिस्टर. मशीनले पुरत नाही. जो मुख्य हाय त्यालेच."

"अन् आमची घंटी? ते मुख्यात येते का बाकीच्यात?"

"बाकीच्यात."

"वा, चाचा."

"ऐका तं. घंटी पडली तं मुख्य तिले पाच सेकंदात उभी करते. मुख्यच पडला, तं त्याले उभं कराले कोणी नाही."

सिस्टरने दारातून सात पेट्यांकडे पाहिलं.

मे महिन्यात एका सकाळी चाचा धूळ साफ करायला गेले. वीस मिनिटं सर्व्हर बंद, तेवढा वेळ सिस्टर आणि सत्यभामाबाई आया पेट्यांपाशी उभ्या. चाचांनी सगळ्या पट्ट्या काढल्या, शाळकरी खोडरबराने त्यांचे पितळी दात घासले, फुंकर मारली आणि परत बसवल्या. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या निम्म्या आजारांवर खोडरबर हेच औषध आहे आणि ते लागू पडतं. सर्व्हर सुरू झाला, सात आकडे आले. चाचा घरी गेले.

दुपारी पहिला घास घेताना त्यांनी मोबाइलवर सकाळचा फोटो उघडला. काहीही खोलण्याआधी ते फोटो काढतात. बसवताना तो पाहायचा असतो, हे मात्र आज राहिलं होतं. फोटोत जास्त मेमरीच्या पट्टीसमोर तशीच पट्टी होती, कमीच्या समोर कमीची. त्यांनी मात्र हाताला आली ती पट्टी दिसेल त्या खाचेत बसवली होती. साध्या कॉम्प्युटरला ते चालतं. इतकी वर्षं चाललं. पण समोरासमोर सारखी जोडी नसेल तर दुहेरी मेमरी होतच नाही.

"काय झालं? मीठ जास्त हाय का?" चाचींनी विचारलं.

"नाही," चाचा म्हणाले आणि हात धुतले. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात ते मोटरसायकलवर निघाले, आणि वाटेभर त्यांना एकच गोष्ट दिसत होती: सगळं ठीक असल्यासारखा सुरू असलेला पडदा.

पोचल्या पोचल्या त्यांनी सर्व्हरची सुरू होतानाची नोंद उघडली. शेकडो ओळींमध्ये एक ओळ होती. यंत्रात दुहेरी मेमरी नाही, सबब आपल्या सूचनेकडे दुर्लक्ष केले आहे. लाल अक्षर नाही, घंटी नाही. सरकारी कचेरीच्या पोचपावतीइतकी शांत ओळ. सकाळपासून सात बाळं त्या दुर्लक्षावर होती.

"सिस्टर, सकाळी माझ्या हातून चूक झाली," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं. "पुन्हा बंद करा लागते. वीस मिनिटं."

"आताच? चार नंबरची पोरगी आज दोनदा विसरली."

"म्हणूनच आता."

सिस्टर उठलीच. "सांगत काऊन बसले मंग? सत्यभामाबाई, चला आत."

पडदा काळा झाला. चाचांनी फोटो समोर ठेवून एकेक पट्टी बसवली. एक पट्टी दोनदा निसटली. मग त्यांनी बटण दाबलं. असा सर्व्हर जागा होताना आधी सगळी मेमरी तपासतो, सहा मिनिटं, आणि त्याला घाई करता येत नाही. काचेच्या दारातून सिस्टरची पाठ दिसत होती. ती चौथ्या पेटीवर वाकली, हात आत घातला आणि बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. थांबली. पुन्हा मारली. चाचांना आतलं काही ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या टिचकीनंतर तिची पाठ सैल झाली तेव्हा त्यांना कळलं की आपणही श्वास घेतलेला नाही.

आकडे आले. चाचांनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. आधी नोंद उघडली. दुहेरी मेमरी राखीव, असं तिथे लिहिलं होतं.

सिस्टर घाम पुसत बाहेर आली. "हे सकाळीही चालूच दिसत होतं. मले कसं समजावं?"

चाचांनी तिला 'राखीव'ची ती ओळ दाखवली. तिने ती दोनदा मोठ्याने वाचली आणि औषधांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतली.

तेव्हापासून रोज आठ वाजता ड्युटीवर आली की सिस्टर आधी ती ओळ पाहते आणि वडनेरला फोन लावते. "ओळ हाय, चाचा," एवढंच बोलते. परवा आठ वाजून दहा मिनिटं झाली तरी फोन आला नाही. चाचींनी चहा पुढे केला तेव्हा चाचा किक मारून गाडीवर बसले होते. तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"दोन बारके एकदम भरती झाले, हात रिकामा नव्हता," सिस्टर म्हणाली. "हाय."

"सिस्टर, एकदा वाचून दाखवा," चाचा म्हणाले आणि ओळ संपेपर्यंत गाडी बंद केली नाही.