वरवंट्याचं बारसं

सुगंधाबाई तोंडानं फटकळ, हे पालम तालुक्यातल्या तिच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सरपंच असो की सोयरा, जे बोलायचं ते तोंडावर. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिनं जे केलं, त्यासाठी अख्खं गाव तिच्या नावानं बोटं मोडत होतं. आज तेच गाव पाहुण्यारावळ्यांना तिची गोष्ट छाती फुगवून सांगतं. गावाचं असंच असतं. आधी दगड मारायचे, मग त्याच दगडाला शेंदूर फासायचा.

तिचं सगळं आयुष्य शेळ्या-मेंढ्यांमागं गेलेलं. नवरा रायभान कळपाच्या पुढं आणि ही काठी घेऊन मागं. जनावरांत साथ आली की पहिलं काम कोणतं, हे तिला सासऱ्यानं शिकवलं होतं. गाभण शेळी आधी वेगळी बांधायची, बाकीचं मग बघायचं. तिच्यात दोन जीव असतात.

त्या उन्हाळ्यात तिची सून बबिता सातव्या महिन्यात होती. पहिल्या खेपेला पाचव्यातच पोट रिकामं झालं होतं, आणि ते दुःख घरात अजून ओलंच होतं. तशात खालच्या गल्लीत माणसं खोकायला लागली. शेजारच्या गावातली एक बाळंतीण तान्हं लेकरू मागं ठेवून गेल्याची खबर आली. सुगंधाबाई भाकरी थापत होती. तिनं हात झटकले आणि पोराला हाक मारली.

"हरिओम, आखाड्यावरची खोली झाडून घे. बबिता उद्यापासून तितंच ऱ्हाईल."

आखाडा म्हणजे त्यांच्या शेतातलं घर, गावापासून चांगलं लांब. बबिताचं तोंड एवढंसं झालं.

"आत्या, मी काय शेळी हाय का, येगळी बांधायला?"

"शेळीवानी गुणाची असतीस तर सांगावं लागलं नसतं. चल, लुगडी बांध."

झालं. सासू-सुना आखाड्यावर गेल्या. हरिओमला कामासाठी चार ठिकाणी फिरावं लागायचं, म्हणून तो बापासोबत गावातच झोपायचा आणि डबा बांधावर ठेवून लांबूनच बायकोशी बोलायचा. आठवड्याचा बाजार बंद, लग्नकार्य बंद, फक्त तपासणीला तेवढं तोंड बांधून जायचं. गल्लीतल्या बायका ओटी भरायला निघाल्या, तर सुगंधाबाईनं त्यांना बांधावरच अडवलं.

"नारळ-तांदूळ झाडाखाली ठेवा अन् माघारी फिरा. राग आला तर येऊ द्या."

आला ना, चांगलाच आला. सुनेची ओटी बांधावरून भरून घेणारी सासू कुणी कधी पाहिली होती का? गर्व चढला म्हणाल्या, डोकं फिरलं म्हणाल्या. सुगंधाबाईनं ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. फक्त तानुबाईचं बोलणं तिला सोडता आलं नाही.

तानुबाई शेजारची, वयानं मोठी, एकटी. गल्लीत जन्मलेलं प्रत्येक लेकरू पायांवर घेऊन तेल-पाणी करावं ते तिनंच. हरिओमही तिच्याच पायांवर वाढलेला. बबिताच्या बाळासाठी तिनं कुंचीसुद्धा शिवून ठेवली होती. तिला सुगंधाबाईनं सांगितलं, "अक्का, या टायमाला तुमी न्हाई यायचं. लेकराला मीच न्हाऊ घालीन."

"माझ्या हाताला काय काटे फुटले का, सुगंधा?"

सुगंधाबाईला लय वाईट वाटलं. पण ती 'या' म्हणाली नाही.

आणि एवढं करूनही व्हायचं ते झालंच. दिवस भरता भरता बबिताला कणकण आली. परभणीच्या दवाखान्यात नेलं, तपासणीत कोरोना निघाला. कुठून आला ते आजही कुणाला ठाऊक नाही. मुलगी मात्र ठणठणीत जन्मली. तिची तपासणीही साफ आली. बबिताचा तापही हलकाच होता.

सुगंधाबाई दवाखान्याच्या बाहेर निंबाखाली बसली होती. कुठून तरी मिळवलेलं शेळीचं दूध तिनं उकळून बाटलीत भरून आणलं होतं. आई आजारी, तर लेकरू वेगळं करायचं आणि वरचं दूध पाजायचं. तिचा हिशेब साधा होता. दीपिका नावाची सिस्टर दारात आली तशी तिनं बाटली पुढं केली.

"बाई, लेकराला तिच्यापासून उचला. हे शेळीचं दूध पाजा."

"मावशी, हे नाही पाजायचं," सिस्टर म्हणाली. "बाळ आईचंच दूध पिणार. बबिता नाकातोंडाला मास्क बांधते, साबणानं हात धुते आणि मगच बाळाला घेते. पाजून झालं की बाळ चार हात लांब पाळण्यात."

"आन् दुधातून रोग गेला म्हंजी? तुमी भरून देणार का लेकरू?"

सिस्टर चिडली नाही. तिच्या माहेरीही जनावरं असावीत. "रोग श्वासातून जायलाय, मावशी, दुधातून नाही. दुधातून ताकद जाते. तुमच्याकडं शेळ्या आहेत ना? चीक न पाजता कधी करडू जगवलंय?"

व्यालेल्या शेळीचा पहिला चीक न मिळालेली करडं सुगंधाबाईनं पाहिली होती. बाटलीनं कितीही पाजा, ती मान टाकायची. सासऱ्यानं तिला एक गोष्ट शिकवली होती आणि दुसरी शेळ्यांनीच शिकवली होती. घाबरून ती दुसरी विसरली होती. चूक होती, आणि ती तिनं तिथल्या तिथं पदरात घेतली.

"कधीच न्हाई," ती म्हणाली. दूध तिनं निंबाखालच्या कुत्रीला घातलं. मग खिडकीशी जाऊन काचेतून बघत राहिली. बबितानं मास्क सारखा केला, मुलीला छातीशी धरलं, आणि मुलगी पटापट ओढायला लागली. सुगंधाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपली सून हिंमतीची आहे, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, तेही एका अनोळखी वॉचमनला.

मायलेकी आखाड्यावर आल्या. लेकरू मांडीवर घ्यायला बायकांचे हात शिवशिवायला लागले. बारसं तर करायलाच पाहिजे. सुगंधाबाईनं हरिओमकडून निरोप धाडला. बारसं होईल, पण पाळण्यात लेकरू नसेल. आपल्यात आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात आणि मग लेकराला. तर यंदा वरवंट्यावरच भागवायचं. तोही जिचा तिनं घरून आणायचा, कारण हातातून हातात काही द्यायचं नाही.

बायका आधी भडकल्या, मग हसल्या, मग आल्या. उन्हं कलताना बांधाबांधावर, लांब लांब, तोंडाला पदर आणि मास्क, आणि प्रत्येकीच्या कडेवर टोपडं घातलेला एक दगड. कुणी त्याला झोके देत होती, कुणी गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणत रिकाम्या हवेतच खाली-वर फिरवत होती. बबिता खिडकीत मुलीला घेऊन हसत होती आणि रडत होती. लेकराच्या आत्यानं कानात सांगायचं नाव शेवटी सुगंधाबाईनंच साऱ्या शिवाराला ओरडून सांगितलं, "राजेश्री". फटकळ तोंडाचा गावाला तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला.

सगळ्यांत शेवटच्या बांधावर तानुबाई होती. तिच्या वरवंट्याच्या डोक्यावर ती शिवलेली कुंची होती. काजळाची तीट होती. दगड तेलानं चकचकत होता. घरी बसून तिनं त्याला चोळून चोळून तेल लावलं होतं.

सुगंधाबाई दुसऱ्या दिवशी तिच्या दारात गेली आणि अंगणातूनच म्हणाली, "अक्का, सुईला भिऊ नका. लस घ्या. मग या." सुईच्या नावानं थरथरणारी तानुबाई, पण राजेश्रीसाठी तिनं दंड पुढं केला. एकदा केला, आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा केला.

बबिताही तोवर खडखडीत बरी झाली होती. पावसाळा सरता सरता, गावात खोकणारं कुणी उरलं नव्हतं तेव्हा, तानुबाई आखाड्यावर आली. कुणी सांगायच्या आत तिनं कोपरापर्यंत साबण लावला, मास्क सारखा केला आणि भिंतीला टेकून पाय पसरले. बबितानं राजेश्रीला त्या पायांवर ठेवलं. तानुबाईनं तेलाचा हात तिच्या पाठीवरून फिरवला. मुलगी बाळसेदार, गुबगुबीत झालेली.

"पोरगी चांगली भरली हाय," तानुबाई म्हणाली. मग तिनं मुलीच्या पायांना तेल लावलं.

"पर सुगंधा," ती हळूच म्हणाली, "वरवंटा लय जड व्हता गं."

सुगंधाबाईनं तेलाची वाटी तानुबाईच्या हाताशी सरकवली आणि तिच्या शेजारी खाली बसली.