दारावरची पाटी
बाबा गेले तो मंगळवार होता. मला पीएचडी मिळाली तेव्हा त्यांनी सुपेल्याच्या बाजारातून पितळी पाटी करून आणली होती, माझ्या नावाआधी ‘डॉक्टर’ लिहिलेली. त्या सकाळी कोहक्यातल्या आमच्या घरी ते खुर्चीतच कलंडले. शेजारच्या काकूंनी जमलेल्यांना मागे सारलं. “सरका बाप्पा, पोरगी डॉक्टर हाय! पाह्य ना वं, नाडी हाय का?” उंदरांच्या मेंदूवर औषध काय करतं, हा माझा विषय. माणसाची नाडी मी कधी पाहिली नव्हती. मी मनगट धरलं, बोटांखाली ठोके लागले. “हाय,” मी म्हणाले. आईने देवाला हात जोडले. ते ठोके माझ्याच बोटांतले होते, हे अँब्युलन्समधल्या माणसाने बाबांना तपासल्यावर कळलं. आईकडे बघवेना. पाटी अजून दारावर आहे, आणि आई ती रोज पुसते.