सासूबाईंचा अर्धा स्वेटर

सासूबाईंनी विणकामाची पिशवी माझ्या हातात दिली, तेव्हा मला विणता येत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. शिवणकाम मला येत होतं. नागपूरला माहेरी असतानाच मी ब्लाऊज, परकर, पोरींचे फ्रॉक मशीनवर शिवायला लागले होते, आणि लग्न होऊन भिलाईला सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा मशीनही बरोबर आली होती. पण लोकरीच्या वाटेला मी कधी गेले नव्हते.

हे पोलादाच्या कारखान्यात फिटर होते. सासूसासरे मात्र भिलाई-३ला रेल्वेच्या क्वार्टरमध्येच राहत, कारण सासऱ्यांची नोकरी सिग्नलच्या केबिनमध्ये होती. रविवारी आम्ही सायकलने त्यांच्याकडे जायचो. त्या केबिनला चारी बाजूंनी काचा, त्यातल्या दोन तरी कायम उघड्या, कारण गाडी पाहायची आणि झेंडी दाखवायची. हिवाळ्यात तिथे वारा अंगात शिरायचा. म्हणून सासूबाई दर दोनचार वर्षांनी सासऱ्यांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणत. त्या वर्षीचा अर्धा झाला होता. पाठ पुरी होऊन बाजूला घडी घातलेली, पुढच्या भागाची पट्टी आणि त्यावर वीतभर विणलेलं सुईवर. तेवढ्यात त्यांचा मोतीबिंदू इतका वाढला की टाके निसटू लागले, आणि निसटलेले त्यांना सापडेनात. रायपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं.

"मले आता टाके दिसून नाही राहिले," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनचं काय होते कोण जाणे. तू पुरं करून दे. डोळे नाहीच आले, तं हात लावून पाहीन."

मी पिशवी घेतली. परत येताना सायकलच्या कॅरिअरवर बसून ती मी पोटाशी धरून ठेवली होती.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक पंजाबी बाई राहायच्या. त्यांना मी बहनजी म्हणायची. त्यांच्या दोन्ही मुलींचे शाळेचे झगे मीच शिवून दिले होते, त्यामुळे काही मागायला जाताना संकोच नव्हता. दुपारी मागच्या अंगणात उन्हात खाट टाकून त्या विणत बसत, तिथे मी पिशवी घेऊन गेले. सासूबाईंचं काम त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि फार छान हात आहे म्हणाल्या. आधी यावर शिकू नकोस, असं सांगून त्यांनी मला जुनी लोकर दिली. टाके घालायला शिकवले, मग सुलट टाका शिकवला. सुई समोरून घालायची, धागा उजव्या हाताने वरून फिरवायचा, ओढून काढायचा. माझा धागा सुरुवातीला इतका आवळला जायचा की सुई पुढे सरकायची नाही. त्या माझ्या बोटांवर टिचकी मारायच्या आणि सैल सोड म्हणायच्या. हळूहळू ओळी सारख्या यायला लागल्या.

उलट टाका उद्या शिकवते असं त्या म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या माहेराहून तार आली. भावाचं लग्न अचानक ठरलं होतं. मुलींना घेऊन त्या पंजाबला निघून गेल्या. निघतानाच्या गडबडीतही त्यांनी कुंपणापलीकडून मला सांगितलं की अर्धं तर आलं, उरलेलं कुणीही शिकवेल.

कुणीही म्हणजे कोण, ते मला कळेना. आमच्या रांगेत एक मद्रासी बाई होत्या. त्यांच्याकडे टेबलावर, रेडिओवर, घागरीवरसुद्धा क्रोशाचे रुमाल होते. मी विचारायला गेले तर त्यांनी आपली आकड्याची एक सुई वर करून दाखवली. दोन सुयांचं काम त्यांना येत नव्हतं. पण त्यांनीच मला वाट दाखवली. बाजाराकडे जाताना बाकावर एक रशियन बाई विणत बसते, ती तुला शिकवेल, असं त्या म्हणाल्या.

त्या बाईंना मी पाहिलं होतं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. कारखाना उभारायला आलेली रशियन कुटुंबं आमच्यापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर राहत, आणि त्यांच्या बायका बाजारात टोमॅटो, कोबी घ्यायला येत. ही बाई वयाने मोठी होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधायची. तिच्या सुया चालू असायच्या आणि डोळे रस्त्यावर असायचे. माझं सगळं धैर्य तिच्यासमोर जाऊन उभं राहण्यातच संपलं. मी पिशवीतून सुई काढून दाखवली आणि "सिखाओ" म्हटलं. तिने सरकून मला बाकावर जागा दिली.

तिला हिंदीचे अच्छा, नहीं, कल असे मोजके शब्द येत. तेवढे पुरले. तिने माझ्या जुन्या लोकरीवर उलट टाका करून दाखवला. सुईच्या टोकाने धागा खालून उचलायचा आणि ओढून घ्यायचा. तिचा धागा डाव्या हातात असायचा, मी तो उजव्यातच ठेवला, पण खालून उचलायची लकब बरोबर उचलली. दोनतीन दुपारी मी तिच्याजवळ बसले. तिने पाहिलं, मान डोलावली, "अच्छा" म्हणाली. मग घरी येऊन मी सासूबाईंची सुई हातात घेतली.

ते दिवस मी आनंदात काढले. एक ओळ बहनजींची सुलट, एक ओळ रशियन बाईची उलट. भात शिजेपर्यंत एक ओळ व्हायची. कारखान्याच्या भोंग्याला हे घरी यायचे आणि किती झालं ते आधी विचारायचे. पाहता पाहता काम काखेपर्यंत आलं.

तेव्हा पहिल्यांदा मी ते खाटेवर पसरून पाठीच्या भागावर ठेवून पाहिलं. पुढचा भाग अरुंद होता. तेवढंच असतं तरी चाललं असतं, पण तो तिरकाही होता. खालची सासूबाईंची वीत सरळ, आणि माझी सुरुवात झाली तिथून सगळं काम डावीकडे कललेलं. हातानं ओढून सरळ केलं तर सोडल्यावर पुन्हा कलायचं. टाके मी परत परत मोजले. ते बरोबर होते.

यांनी खिशातली फूटपट्टी काढून दोन्ही बाजूंना लावली. कारखान्यात दिवसभर तेच काम. "मोजमाप चुकलं नाही तुझं," हे म्हणाले, "टाक्यातच काहीतरी आहे. ज्यांनी शिकवलं त्यांना दाखव."

मला जावंसं वाटत नव्हतं. इतक्या मायेने शिकवणाऱ्या बाईला तुमचं शिकवलेलं बिघडलं असं कसं सांगायचं? आणि ऑपरेशन अगदी तोंडावर आलं होतं. तीच लोकर पुन्हा मिळण्यासारखी नव्हती. कापून, शिवून काही जमवता येईल का, असाही विचार मनात आला, कारण मला तेवढंच येत होतं. शेवटी दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली आणि बाजाराच्या रस्त्याला लागले.

तिने काम मांडीवर पसरलं आणि टाके बोटांनी फाकवून अगदी जवळून पाहिले. मग माझ्या हातात सुया देऊन विण अशी खूण केली. मी एक सुलट ओळ विणली. अर्ध्यातच तिने माझा हात धरला. माझ्याकडून सुई घेऊन तिने एकेक टाका दाखवला. टाका सुईवर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, एक पाय पुढे, एक पाय मागे. माझ्या उलट ओळीतून येणाऱ्या टाक्यांचा पुढचा पाय मागे गेलेला होता, आणि मी सुलट ओळीत बहनजींनी सांगितल्याप्रमाणे समोरूनच सुई घालत होते. त्यामुळे प्रत्येक टाक्याला पीळ पडत होता. तिने मागच्या पायात सुई घालून थोडे टाके विणले. ते मोकळे, सपाट बसले.

मला एकदम सगळं दिसलं. बहनजींचंही बरोबर होतं, तिचंही बरोबर होतं. एकीचं अर्धं आणि दुसरीचं अर्धं मी जोडलं होतं. सुलट टाका दुसऱ्या कुणी शिकवला हे मी तिला खुणांनी सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. मलाही हसू आलं. माझ्या हातात काही खोट नव्हती, हे कळल्यावर आदल्या दिवसापासून छातीवर बसलेलं ओझं तिथेच उतरलं.

पण उसवायचं तर होतंच. माझा हात पुढे होईना. तिने सुई सरळ ओढून काढली, धागा धरला, आणि ओळीमागून ओळ खर्रकन उसवत गेली. मी समोर बसून लोकर गुंडाळत राहिले. सासूबाईंच्या शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. तिथले टाके तिने एकही न निसटू देता पुन्हा सुईवर घेतले, काम माझ्या हातात दिलं आणि माझ्या गालावर हात ठेवला. "कल नहीं," ती म्हणाली. म्हणजे आताच सुरू कर. मी तिच्याशेजारी बसूनच सुरू केलं.

ऑपरेशनला आम्ही सगळे रायपूरला गेलो. सासऱ्यांनी रजा घेतली होती. काम काखेच्या वर आलं होतं, आणि सासूबाईंजवळ दिवसा मी बसणार होते, म्हणून पिशवी बरोबर होती.

ऑपरेशन झाल्यावर त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, असं बजावलं होतं. आयुष्यभर हात चालवत राहिलेली बाई हात सरळ ठेवून पडून होती. त्या फारसं बोलत नव्हत्या. मी स्टुलावर बसून विणत होते, आणि आता गळा आला होता. गळ्यासाठी काम मधून दोन भागांत करावं लागतं एवढंच मला माहीत होतं. बहनजी परत आल्या नव्हत्या, आणि रशियन बाईंना गळ्याचं विचारायचं राहूनच गेलं होतं. मी सुया मांडीवर ठेवून बसून राहिले.

"सुयांचा आवाज कावून थांबला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की मला गळा येत नाही.

"दे इकडे."

मी घाबरले, डॉक्टरांनी हलू नका म्हटलंय असं म्हणाले. त्या म्हणाल्या की मान हलवायची नाही, बोटांना कुणी मनाई केली नाही. मी काम त्यांच्या छातीवर ठेवलं आणि सुई त्यांच्या हातात दिली. अंगठ्याने एकेक टाका सरकवत त्या मनात मोजत गेल्या, मध्यावर थांबल्या, आणि हा टाका पिनेत अडकव म्हणाल्या. माझ्या ब्लाऊजची पिन काढून मी तो अडकवला. मग एक बाजू आधी कशी चालवायची, सुलट ओळीला गळ्याकडचे दोन टाके एकत्र कसे घ्यायचे, हे त्यांनी मला माझ्या हातावर हात ठेवून करवून घेतलं.

काम परत देण्याआधी त्यांची बोटं खाली गेली. काखेवरून, पोटावरून, सावकाश, आणि एका जागी थांबली. ती जागा कोणती हे मला ठाऊक होतं.

"इथून तुहा हात हाय," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. बोटं तिथून दोनतीनदा इकडेतिकडे फिरली.

"जरा घट्ट हाय. पण सारखं हाय. याले काही होत नाही." मग काम माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "पट्टी बांधल्यापासून आज बरं वाटून राहिलं. काही तरी करता आलं."

त्यानंतर त्या बोलायला लागल्या. गळ्याची दुसरी बाजू मी त्यांच्या देखरेखीखाली विणली, म्हणजे त्यांच्या बोटांच्या. खांदे जोडायला आणि कडेची शिवण घालायला मला कुणाची गरज नव्हती. ते माझं काम होतं.

पट्टी काढायच्या दिवशी सासरे तो स्वेटर घालून आले. डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळे पुसले आणि समोर बोटं धरली. सासूबाईंनी बरोबर सांगितली. पुन्हा वेगळी धरली, तीही बरोबर. बारीक दिसायला पुढे चष्मा लागेल, पण डोळे आले, असं डॉक्टर म्हणाले. दाराशी उभे असलेले सासरे हे ऐकून भिंतीला टेकले. यांनी त्यांना स्टूल दिलं.

सासूबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हे हिरवं कावून हाय?"

मला काही उमगेना. स्वेटर हिरवाच होता, पहिल्यापासून. सासऱ्यांनी खाली पाहत सांगितलं की नागपूरच्या दुकानात लोकर घेताना सासूबाईंनीच या गुंड्यावर हात ठेवून, हा राखी रंग चांगला हाय, असं म्हटलं होतं. सोबत तेच होते.

"मंग सांगितलं कावून नाही?"

"तुले आवडला होता," सासरे म्हणाले.

सासूबाईंना हसू आलं, आणि हसू नका म्हणून नर्स धावत आली. त्यांनी ओठ दाबून धरले, पण पोट हलत होतं. मीही तोंडाला पदर लावला आणि व्हरांड्यात गेले. तिथे मला थोडं रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. यांनी विचारलं काय झालं, तर मी भूक लागली असं सांगितलं, आणि खरोखरच लागली होती.

दवाखान्यातून सोडल्यावर आम्ही पॅसेंजरने निघालो. सासूबाई डोळ्यांवर काळा चष्मा लावून वाऱ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि जे दिसेल ते सासऱ्यांना सांगत होत्या. कुणाच्या डोक्यावर लाल फेटा हाय, शेतात बैल पांढरा हाय. सासरे प्रत्येकाला हो म्हणत होते. यांनी भाजलेल्या शेंगा घेतल्या होत्या, त्या मी सगळ्यांना सोलून दिल्या. त्या संपल्यावर हातांना काहीच काम उरलं नाही. मी रिकाम्या पिशवीवर डोकं टेकवलं आणि कुम्हारी स्टेशन यायच्या आधीच झोपून गेले.