जिपारगुल एजेंनी पुन्हा सुई हातात घेतली

डोंगरातल्या अत-बाशी गावच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा कपाटातल्या पेनिसिलिनची मुदत पडल्या पडल्या संपायची. डॉक्टर जिपारगुल ते लिहीतच नसत. सगळं गाव त्यांना थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणायचं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी सागिन नावाच्या गुराख्याला घशासाठी ती सुई दिली, ती त्याला मानवली नाही आणि दहा मिनिटांत तो त्यांच्या डोळ्यांसमोर दगावला. त्या गोष्टीला अकरा वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून एजे फक्त गोळ्या द्यायच्या.

बेगीमाय बारा वर्षांची. सांध्यांच्या तापानं तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. ताप उलटू नये म्हणून एजेंनी तिला रोज गोळी चालू ठेवली होती. उन्हाळ्यात घरचे मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर गेले, तिथं गोळ्या संपल्या, आणि सप्टेंबरात पोरगी धापा टाकत खाली आली. नारीन शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई, मोठी होईपर्यंत.

तिच्या आईनं, आयनाशनं, चिठ्ठी टेबलावर ठेवली. "हे औषध तुमच्याकडे आधीपासून होतं का?"

"होतं."

"मग?"

एजेंनी सागिनचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मी घाबरले होते, आयनाश."

"तुम्ही घाबरलात, आणि माझी पोरगी अर्धी बादली उचलली तरी खाली बसते."

त्या आठवड्यात एजेंनी माझ्याकडून जुन्या नोंदवह्या काढून घेतल्या. आधीच्या डॉक्टरांनी वीस वर्षांत हजारो सुया दिल्या होत्या. काहींच्या अंगावर पुरळ उठलं होतं, दगावलं कुणीच नव्हतं. मग त्यांनी स्वतः गोळ्यांवर ठेवलेली मुलं शोधली. नऊ होती. त्यातल्या चौघांचा ताप उलटला होता.

"सागिन माझ्या डोळ्यांसमोर गेला," त्या म्हणाल्या. "ही आपापल्या घरी खंगत राहिली, म्हणून मला दिसली नाहीत."

सोमवारी बेगीमायला बोलावलं. आधी कधी या औषधाचा त्रास झालाय का, ते विचारून घेतलं. धोका अगदी लहान आहे, पण आहे, हे एजेंनी आयनाशला स्पष्ट सांगितलं. सुई मानवली नाही तर जीव वाचवणारं ॲड्रेनलिन सागिनच्या वेळी दवाखान्यात नव्हतं; आज ते भरून ट्रेमध्ये तयार होतं. पोरीला आडवं निजवलं.

"दुखेल?" तिनं विचारलं.

"चांगलंच दुखेल. शिव्या द्यायच्या तर हळू दे, बाहेर म्हातारे बसलेत."

एजेंऐवजी सुई द्यायला मी पुढे झाले. त्यांनी मला कोपरानं मागं सारलं आणि सुई दिली. मग अर्धा तास त्या तिची नाडी धरून बसल्या. काही झालं नाही. आयनाशनं खिशातून सुक्या दह्याचा खडा काढून पोरीला चोखायला दिला.

हळूहळू बाकीच्यांनाही बोलावलं. एका मुलाच्या अंगावर गांधी उठल्या. त्याला परत गोळ्यांवर ठेवलं आणि त्या संपणार नाहीत याची सोय केली. बेगीमायची झडप काही सुधारली नाही, पण पुढच्या सहा वर्षांत ताप उलटला नाही.

घोड्यावर एजेंना कधीच नीट बसता आलं नाही. तरी जून उजाडला की त्या खोगिरामागं औषधांची पेटी बांधून कुरणावर जायच्या, दर तीन आठवड्यांनी.