ह्यांच्या फोटोचा हार

माझी नणंद जाई सिनेमे आणि मालिका करते. काळाचौकीतून ह्या धंद्यात गेलेली पहिली बाई तीच. चाळीस वर्षं झाली, पण ती नेमकं करते काय ते मला उमगलेलं नाही. पडद्यावर ती दिसत नाही, कॅमेरा दुसराच धरतो, बोलणंही भलत्यानंच लिहिलेलं. विचारलं तर म्हणायची, मी सांगते आणि बाकीचे करतात. तेवढं तर मीपण घरात करते, फक्त माझं कोण ऐकत नाही.

गेल्या साली तिला सात वर्षांनी काम मिळालं. चॅनेलवाल्यांनी बजावलेलं, पहिला भाग एका दिवसात उरका, नाहीतर दुसरा माणूस बघतो. शूटिंग आमच्याच खोलीत. गोष्टीत एक विधवा म्हातारी. तिच्या नवऱ्याचा फोटो हवा म्हणून जाईने आपल्या भावाचा, म्हणजे आमच्या ह्यांचाच टांगला, वर चंदनाचा हार. हे खूश.

दुपारी सगळे जेवायला खाली गेले. हे गॅलरीत बांगडा खात बसलेले, आणि भिंतीवर ह्यांनाच हार. मला बघवेना. स्टुलावर चढले, हार काढला आणि डब्यात ठेवला.

कुठल्या वेळी खोलीत काय होतं ते वहीत टिपणारी एक पोरगी होती, संध्याकाळी तिच्या लक्षात आलं. जेवणाआधीच्या शूटिंगात हार आहे, नंतरच्यात नाही. दुपारचं सगळं परत करायला उजेड उरला नव्हता. चॅनेलचा उन्मेष घड्याळ बघायला लागला. जाईने विचारलं, कोणी काढला?

"मी," म्हटलं. "जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात काय गं?"

वाटलं, जाई आता रडते. मग म्हणाली, "वहिनी, कसा काढलास ते हिला दाखव."

मी म्हातारीचं काम करणाऱ्या नटीला सांगितलं, आधी दाराकडे बघ, हार काढ, मग पदराने काच पूस. तिने मुकाट्याने केलं. जाईने तेवढंच शूट करून हार असलेल्या आणि नसलेल्या तुकड्यांच्या मध्ये जोडलं आणि भाग पुरा झाला.

पुढचे सगळे भाग जाईलाच मिळाले. टीव्हीवर बघताना चाळीतल्या बाया रडल्या. माझ्या नातीने, प्रितीने मला समजावलं, आजी, नवरा गेलाय हे त्या म्हातारीला मान्यच नाही. म्हटलं, बाई, तो गेला कुठे, बांगडा खात होता.

जाईला विचारलं, ती माझी चूक होती की तुझं काम? ती नुसती हसते. आणि हे रोज मला विचारतात, त्या गोष्टीत मी मेलोय की नाही? काय सांगू?