बाळंतिणीचे लाडू

शेजारच्या शुभांगीचं बाळ बघायला गेले, तर तिच्या सासूबाईंनी माझ्यापुढे बशीत दोन अळिवाचे लाडू ठेवले. "घ्या हो, तिच्या आईने डबा भरून पाठवलेत." पलंगावरून शुभांगी त्या बशीकडे बघत होती.

"आणि हिला?" मी विचारलं.

"हिला कशाला? आधीच केवढी सुटलीय! तूपसुद्धा बंद केलंय मी." आणि लगेच कुरकुरल्या, "बाळ मात्र अंग धरत नाही. हिच्या दुधातच कस नाही."

माझं डोकंच फिरलं. बाळाच्या टाळूवर रोज तेल जिरवायचं आणि ज्या बाईच्या दुधावर ते वाढायचं, तिच्या भातावर चमचाभर तूप नाही! आईच्या पोटात जे स्निग्ध जातं, त्यातलंच दुधात उतरतं, हे काय कुणी शिकवायला हवं? दुभत्या म्हशीपुढे पेंड ठेवताना कुणी तिची कंबर बघत नाही.

मी बशी उचलून शुभांगीच्या हातात दिली. तिने लाडू फोडला, पण तोंडात घालण्याआधी सासूबाईंकडे पाहिलं. मांडीवरचं बाळ मात्र कुणालाही न विचारता भुकेने रडायला लागलं होतं.