विश्रामच्या गिटारला देवाचा कौल

मसुऱ्यापलीकडच्या वाडीतला विश्राम पंधरा वर्षं मुंबईत वाजवत होता आणि त्याच्या बायकोने त्याचा एक सूरही ऐकला नव्हता. यात सुगंधाचा दोष नाही. ती गावात, तो तिकडे एका हॉटेलातल्या गोवेकरांच्या बँडमध्ये. आधी गाण्याखाली खर्ज धरणारा माणसाएवढा उभा बेस वाजवायचा, मग चार जाड तारांची बेस गिटार आली. लोक नाचायचे, टाळ्या ट्रंपेटवाल्याला पडायच्या. घर बघायला आलेला माणूस पाया कधी बघतो?

विश्रामला मात्र एक खोड लागली होती. दांडीच्या ज्या टोकाला सूर उंच लागतात तिथे बोटं नेऊन तो तीन तारा एकदम छेडायचा. बेसवर असली कॉर्ड वाजवायची नसते, आवाजाचा नुसता चिखल होतो, असं बँडमास्तर खेकसायचा. विश्रामने वर्षभर बोटं झिजवून चिखल होणार नाही अशा जागा शोधून काढल्या. दोन-तीन जाड सूर एकमेकांना धरून उभे राहायचे आणि त्याचं त्यालाच भरून यायचं. पण ऐकायला होतं कोण?

म्हणून १९६७च्या श्रावणात तो रजेवर आला तो गिटार घेऊनच. एकदा सुगंधाला ऐकवायची, बाकी काही नको. पण ही गिटार विजेवर चालणारी, आणि वाडीत वीज कुठली? नुसत्या तारा छेडल्या तर डास गुणगुणल्यासारखं वाजायचं. वाडीत कर्णा वाजणार होता तो फक्त देवळात, सप्त्याला, कुडाळचा माईकवाला बॅटऱ्या घेऊन यायचा तेव्हा.

सप्त्यात सात दिवस देवाचं नाम अखंड चालतं. वाड्यांनी पाळी लावून घ्यायचं. खंड पडला तर ज्या वाडीची पाळी त्या वाडीवर देवाचा कोप. विश्रामच्या वाडीचे भजनीबुवा दाजी. मानकरीही तेच, पेटीही त्यांचीच. पाळीत वाजवू का, असं विश्रामने विचारलं तेव्हा गिटार बघून त्यांनी नाक मुरडलं.

"ह्या हॉटेलातला लाकूड देवळात? देवाक इचारूक होया."

त्यांना वाटलं, देव आपलाच. गुरवाने मूर्तीला फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं, "विश्रामान देवळात वाजवूचा आसात तर उजवो कौल दी, महाराजा." उजवीकडचं फूल टपकन खाली पडलं. दाजींचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. विश्राम बिचारा भाबडा. देव बोलला म्हणजे मिटलं, असं समजला.

भर दुपारी पाळी सुरू झाली. बायकांत सुगंधा बसली होती, नवं लुगडं नेसून. विश्रामने गिटारची वायर माईकवाल्याच्या यंत्राला जोडली आणि खर्जाचा एकेक सूर धरला. कर्ण्यातून नुसती खरखर. कर्णा तो, त्याला खर्ज कुठला पेलवणार!

"हात हलतत, आवाज खंय आसा रे?" कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

विश्रामने बोटं वर नेली आणि तीन तारा एकदम छेडल्या. कर्णा भरून वाजला. नामाच्या चालीखाली ते सूर असे बसले की टाळकऱ्यांच्या माना आपोआप डोलायला लागल्या. सुगंधाने पदर सावरून मान वर केली. विश्रामने ते पाहिलं.

दाजींनीही डोलणाऱ्या माना पाहिल्या. त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि हात वर करून मंडळींना थांबायची खूण केली.

"देवाचो कौल आमी मोडणव नाय. देवान ह्येका वाजवूक सांगला. आमी ह्येका साथ करूची, असा खंय सांगला?"

टाळ खाली आले. नाम तुटणार, पाप वाडीच्या डोक्यावर येणार, म्हणून ज्याने जन्मात कधी गायलं नव्हतं त्या विश्रामने फाटक्या आवाजात नाम उचललं. कॉर्डवर कॉर्ड देत तो एकटाच तीन तास गात राहिला. बोटं सोलली. समोर पन्नास माणसं, ज्यांना नाम झोपेतही येतं, ती तोंडं मिटून बसली होती. त्याने पुन्हा पुन्हा सुगंधाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हलत नव्हते.

पुढची वाडी आली, नाम तिने घेतलं. घरी आल्यावर पडवीत पाण्याचा तांब्या पुढे करत सुगंधा म्हणाली, "बरा वाजवलात. माका खूप आवाडला."

"मगे तू तरी नाम कित्याक घेवक नाय?"

"तुमी चार दिसांनी मुंबैक जातल्यात," ती म्हणाली. "माका हय दाजींच्या वाडीत ऱ्हवचा आसा."

पंधरा वर्षांत तिने त्याला एवढं उघड कधी सुनावलं नव्हतं. आणि तिचं काही चुकलंही नव्हतं. चिडावं तर कुणावर? चार दिवसांनी तो खरंच गेला. बँडमध्ये एका वेळी एकच सूर वाजवू लागला, आणि बँडमास्तर म्हणाला, आता कुठे तू शहाणा झालास.